सरखेलांच्या गांवीं

अलिबागेस जाण्याचें प्रस्तुत लेखकाच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. योग आला तो धाकट्या बंधूंच्या नातवामुळें. २०२३ च्या डिसेंबरांत भारतीय नौदलाच्या ॲडमिरलांच्या खांद्यावरील चिन्ह बदलून त्यांत शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून अष्टकोन घेण्यांत आला, हें त्यानें कोठें वाचलें होतें. “आजोबा, मराठ्यांच्या आरमारांत ॲडमिरलाला काय म्हणत?” असें त्यानें विचारिलें. “सरखेल,” मी म्हणालों. परंतु शब्दाचा अर्थ विचारतांच मला कोश काढावा लागला.

मुंबईहून मांडव्यापर्यंत लाँच व पुढें मोटार. गांवांत प्रथम कान्होजी आंग्र्यांच्या समाधीचें दर्शन घेतलें (निधन इ. स. १७२९) आणि मग किनाऱ्यावर आलों. कुलाबा किल्ला समुद्रांत आहे. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. माझे गुडघे ध्यानांत घेऊन मुलानें घोडागाडी ठरविली. चाकें पाण्यांत शिरलीं, घोडें फुरफुरूं लागलें, आणि मला हंसूं आलें. ‘सर’ म्हणजे प्रमुख, ‘खेल’ म्हणजे घोडेस्वारांची टोळी. समुद्राच्या धन्याची पदवी मुळांत घोड्यांची! ॲडमिरल शब्दाची कथाही अशीच. अरबी ‘अमीर’ म्हणजे हुकूम करणारा. सिसिली बेटांत नॉर्मन राजांच्या पदरीं पालेर्मो शहराच्या कारभाऱ्यास हें नांव असे; बाराव्या शतकांत रॉजर राजाचा अमीर जॉर्ज आरमार घेऊन निघाला, तेव्हां त्या नांवास खारें वारें लागलें. आम्हां संस्कृतज्ञांनीं मिशांवर ताव देण्याचें मात्र कारण नाहीं. कौटिल्याचा नावध्यक्ष मुख्यतः नदीचे उतार व बंदराची जकात पाहणारा. चांच्यांच्या नौका बुडवाव्या, एवढीच लढाई त्याच्या वांट्यास.

किल्ल्यांत सिद्धिविनायकाचें दर्शन घेऊन तटावर बसलों. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. इंग्रजांच्या जहाजांचा प्रमुख कमोडोर मॅथ्यूज. तो पुढें ॲडमिरल झाला. परंतु १७४४ त तूलाँच्या लढाईंतील वर्तनाबद्दल लष्करी न्यायालयानें त्यास १७४७ त बडतर्फ केलें. एवढा मोठा हुद्दा, पण दिला तसा काढूनही घेतला!

इकडे काय झालें? कान्होजींमागें सेखोजी सरखेल झाले, ते १७३३ त वारले. मग संभाजी व मानाजी या भावांत तंटा लागला. १७३५ त बाजीरावांनीं वांटणी करून दिली: संभाजीस सरखेल ही पदवी व दक्षिणेकडील विजयदुर्ग, मानाजीस ‘वजारतमाब’ ही पदवी व कुलाबा. वांटण्या कशा होतात हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. भांडीं वांटलीं तरी दोन्ही घरीं चूल पेटते; आरमार वांटलें कीं दोन्ही बंदरें उघडीं पडतात. संभाजीनंतर तुळाजी सरखेल झाला. तो पेशव्यांचा हुकूम मानीना. फेब्रुवारी १७५६ त ॲडमिरल वॉटसन विजयदुर्गावर आला तो पेशव्यांशीं तह करून. बंदरांत आंग्र्यांचें सारें आरमार जळालें. तुळाजीचें उरलेलें आयुष्य कैदेंत गेलें.

“आरमार कोणी जाळलें?” मुलानें विचारिलें.

शाळेंत असतां या प्रश्नास मी ठराविक उत्तर देत असें: “इंग्रजांनीं.” पुस्तकांत तेवढेंच होतें आणि नानासाहेबांस दोष द्यावा असें मलाही वाटत नसे. त्या तटावर, तें पाणी समोर असतां, तसें बोलवेना. “जाळलें इंग्रजांनीं,” मी म्हणालों, “पण त्यांस आपणच बोलावलें होतें.”

मुलगा बराच वेळ गप्प होता. इतक्यांत खालून गाडीवाल्यानें हांक मारली, “गुरुजी, चला लवकर, भरती लागली!” परततांना पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतें.