वाकड्यात शिरताना

आमच्या घराण्यात कुठलीही वस्तू घेण्यापूर्वी ती वाजवून बघण्याची पद्धत आहे. माठ आम्ही वाजवून घेतो, नारळ वाजवून घेतो, आणि लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी मलाही दोन तास समोर बसवून भरपूर वाजवून घेतलं होतं. (निकाल त्यांनी अजून जाहीर केलेला नाही.) त्यामुळे २०२५च्या दिवाळीच्या तोंडावर आमचे चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, मला गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचाय," तेव्हा मी सवयीने म्हणालो, "चल, वाजवून बघू."

"मॉनिटर वाजवत नाहीत, बाबा. त्याचे स्पेक्स बघतात."

स्पेक्स म्हटल्यावर मी कपाळावरची चाळिशी नाकावर घेतली. मॉनिटर म्हटलं की मला अजून चौथीतला मॉनिटरच आठवतो, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. पण हा मॉनिटर चौतीस इंची निघाला आणि त्याची किंमत छत्तीस हजार रुपये. त्यातले चौदा हजार चिरंजीवांनी स्वतः मिळवलेले होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असूनही सुट्टीत लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करून, म्हणजे रडणाऱ्या काकवा कापून आणि नाचणारे मामा जोडून, ते त्याने साठवले होते. उरलेले बावीस हजार मी घालायचे. बी.कॉम.ला भागीदारीचे हिशोब मी दोनदा शिकलो आहे (पहिल्या खेपेला पास झालो नव्हतो), आणि अनुभवाने त्यात एका नियमाची भर घातली आहे: ज्याचं भांडवल जास्त, त्याचं घरात कमी चालतं.

मी एका बँकेत क्लार्क आहे. म्हणजे होतो. २०२४ सालच्या करारापासून आम्हांला क्लार्क म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. त्या करारात पगारापेक्षा नाव जास्त वाढलं. नाव बदललं तरी माझ्या काउंटरवरचा मॉनिटर तोच राहिला, साडेअठरा इंची, सपाट, एका कोपऱ्यात स्टेपलरचा ठोका बसलेला. त्यावर मी दिवसभर लोकांचे पैसे बघतो. दुसऱ्याचे पैसे कितीही स्पष्ट दिसले तरी आपले होत नाहीत, त्यामुळे रिझोल्यूशन या विषयात मी आजवर कधी लक्ष घातलं नव्हतं.

खरा धक्का पुढे होता. हा मॉनिटर वाकडा असतो. आतल्या बाजूला वळलेला, सुपासारखा.

"किती वाकडा हवा तेही ठरवावं लागतं," चिरंजीव म्हणाले. "हजार आर, पंधराशे आर, अठराशे आर."

आर म्हणजे त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. १०००आरचे मॉनिटर एकाला एक जोडत गेलात तर एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ पुरं होईल, आणि आपण त्याच्या मध्यावर बसायचं. म्हणजे मग पडद्याची दोन्ही टोकं आणि मधला भाग डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर राहतात. आकडा जितका लहान, तितका वाक मोठा. मी हे सगळं गॅसच्या थकलेल्या बिलाच्या मागे आकृती काढून समजावून घेतलं. आई कॉटवर बसून वाती वळत होती. तिने आकृतीकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे याच्यासमोर एकानेच बसायचं?"

"हो, आजी. मध्ये."

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

चिरंजीव हसले. मीही हसलो. पण बँकेत एखाद्या म्हाताऱ्या खातेदाराने सहज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सर्क्युलरमध्ये सापडू नये, तसं काहीसं झालं खरं.

आईचं म्हणणं कळायला तुम्हांला आमचा पंचवटीतला वाडा माहीत हवा. वाडा आता नाही. तिथे पार्किंगसकट पाच मजले आहेत. १९८६ साली वडिलांनी, मास्तर असून, पतपेढीचं कर्ज काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. लाकडी खोका, सरकती दारं, आणि आत बाहेरच्या बाजूला फुगलेली काच, एखाद्या सुखवस्तू माणसाच्या पोटासारखी. पुढे शाळेत शिकताना कळलं की तो फुगवटा कौतुकाचा नव्हता. आतली हवा काढून घेतलेली असायची, बाहेरच्या हवेचा दाब सोसायला काचेला तसा आकार लागायचा. पण वाड्याच्या दृष्टीने तो आकार सोयीचा होता. जानेवारी १९८७मध्ये 'रामायण' सुरू झालं, आणि दर रविवारी सकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस माणसं बसू लागली. पुढे मुलं, मागे बायका, दारात पुरुष, खिडकीत शेजारच्या वाड्यातले परकीय नागरिक. आईची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, टीव्हीच्या जवळजवळ काटकोनात. तिथूनही तिला दिसायचं! चूल सांभाळून तिने अख्खा वनवास त्या उंबऱ्यावरून बघितला.

मालिकेतली पंचवटी उमरगावला, गुजरातेत उभारलेली होती आणि आम्ही ती काळारामाच्या मागे, अस्सल पंचवटीत बसून बघत होतो. त्यामुळे वाड्यातल्या प्रत्येकाला तिच्यात चूक सापडे. "सीतागुंफा अशी नाहीच मुळी!" "वड पाच हवेत, पाच! मोजा बरं!" वडिलांना मात्र यातलं काही दिसायचं नाही. ते गच्चीवर अँटेना धरून उभे असत आणि वरून ओरडत, "दिसतंय का?" खालून चाळीस जण ओरडत, "थोडं डावीकडे!" सीताहरण झालं तेव्हा ते कौलांवर होते.

पुढे नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सपाट काचेचे टीव्ही आले, तेव्हा सपाटपणासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले. आता वाकवण्यासाठी मोजायचे. तसा वाकडा पडदा नवा नाही. १९५२ साली अमेरिकेत सिनेरामा निघाला तेव्हा तीन प्रोजेक्टर आणि १४६ अंशांत वळलेला पडदा होता. पण तो वाक थिएटरभर माणसांना कवेत घ्यायला होता. इथे मोजून एक गिऱ्हाईक.

असो. एका शनिवारी आम्ही शरणपूर रोडवरच्या दुकानात गेलो. (दुसरा शनिवार. पहिल्याला आम्हांला बँक असते, हे ग्राहकांना कधीच लक्षात राहत नाही.) दारातच एकोणपन्नास इंची मॉनिटर होता. सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे दोन सत्तावीस इंची शेजारी शेजारी चिकटवावेत तसा. मी समोरच्या खुर्चीत बसलो. डावं टोक बघावं तर उजवीकडे काय चाललंय कळेना. तो मॉनिटर नीट बघायला रामकुंडावरचा दुतोंड्या मारुतीच हवा. गोदावरीला पूर किती आला हे आम्ही नाशिककर त्याच्या अंगावरच्या पाण्यावरून मोजतो. इथे किंमत बघून पाणी माझ्या छातीपर्यंत आलं.

मग मी बत्तीस इंची फोर-के दाखवायला सांगितलं. एकदा घ्यायचं तर चांगलं घ्यावं, हा आमचा बाणा. शिवाय ठिपके मोजून मिळत असतील तर जास्त ठिपके घेण्यात शहाणपण. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. चौतीस इंचीत ३४४० गुणिले १४४०, म्हणजे ४९,५३,६००. तेहतीस लाख ठिपके कमी! पण चिरंजीवांनी डोक्याला हात लावला. हे सगळे ठिपके दर वेळी नव्याने रंगवायचं काम संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाचं, आणि त्याचं कार्ड सेकंडहॅन्ड. ते फोर-केला धापा टाकणार. थोडक्यात, पंगतीला पाहुणे किती बसवायचे हे ताटांवर ठरत नाही, आत पोळ्या लाटणाऱ्या बाईवर ठरतं. आणि ही पंगत सेकंदाला १६५ वेळा उठते!

१६५ हर्ट्झ म्हणतात त्याला. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तेव्हा मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रांवर चालत. हरिश्चंद्राचं राज्य जायला सोळा चित्रं पुरली, आमच्या घरात बंदूक झाडायला १६५ लागतात. हे मी बोलून दाखवलं.

"फाळक्यांनी त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, बाबा," चिरंजीव शांतपणे म्हणाले. "मी फक्त बावीस हजार मागतोय."

वडिलांशी वाद घालण्यापूर्वी इतिहास वाचून येणारी ही पिढी मला पसंत नाही.

सेल्समन, वय वर्षं तेवीस, मला काका म्हणून पॅनेल समजावू लागला. ओएलईडीचा काळा रंग खराखुरा काळा, कारण त्यातला ठिपका सरळ विझतो; पण एकच चित्र महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर त्याची खूण उरण्याची भीती, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर उरते तशी. व्हीए स्वस्त, अंधार चांगला दाखवतो, बहुतेक वाकडे मॉनिटर त्याचेच. दोष एवढाच की बाजूने बघितलं की रंग फिके पडतात.

"बाजूने म्हणजे उंबऱ्यावरून?" मी विचारलं.

"उंबरा?" तो म्हणाला. फ्लॅटमध्ये वाढलेला असावा.

मग त्याने दोन मॉनिटर शेजारी लावून फरक सांगायला सांगितलं. मी चष्मा पुसला, पुढे झुकलो, मागे सरलो, आणि खातेदाराची सही पडताळावी तसा निकाल दिला, "उजवा जास्त स्वच्छ."

"काका, त्याची किंमत निम्मी आहे."

"म्हणूनच स्वच्छ दिसतोय."

शेवटी ठरलं ते चौतीस इंची, पंधराशे आर, व्हीए. निर्णय घेताना माझ्यातला वाणिज्य पदवीधर एकाच मुद्द्यावर जागा झाला. २०१९पासून बत्तीस इंचापर्यंतच्या मॉनिटरला जीएसटी अठरा टक्के आणि त्याच्या वर अठ्ठावीस टक्के होता. म्हणजे दोन इंचांसाठी सरकारला दहा टक्के जास्त! २२ सप्टेंबर २०२५पासून वरच्यांनाही अठराच झाला. हे मी सेल्समनला इतक्या आनंदाने समजावलं की तो चहा सांगायला निघून गेला. त्या भरात, त्याने पुढे केलेली नऊशे रुपयांची लांब केबल मी बाणेदारपणे नाकारली. घरात केबली होत्या. आमच्या घरात सगळं असतं, सापडत नाही इतकंच.

घरी आल्यावर तो टेबलावर चढला. टेबल बँकेच्या जुन्या फर्निचरच्या लिलावातलं, खोली जेमतेम दीड फूट. हिने ब्लाउजची मापं घ्यायची टेप आणून मोजलं आणि जाहीर केलं, "अहो, हा दीड मीटर म्हणतोय ना, तिथे खुर्ची ठेवली तर ती देव्हाऱ्यात जाते." तेव्हा खुर्ची पुढे ओढून तडजोड झाली. मॉनिटरसोबतची केबल तोकडी पडली. जुनी सापडली ती सेट-टॉप बॉक्सच्या काळातली. तिच्यातून १६५ कुठले, जेमतेम पन्नास आले. चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मी नऊशे रुपयांकडे बघितलं.

तरी चित्र आलं. डोंगर, दऱ्या, घोड्यावरून जाणारा एक माणूस. चिरंजीव त्या वळणाच्या आत जाऊन बसले आणि आम्हांला त्यांची फक्त पाठ दिसू लागली. आई कॉटवरून मान वाकडी करून बघत होती. काटकोनातच होती ती.

"कसं दिसतंय, आजी?"

"दिसतंय की," आई म्हणाली. "जरा धुकं आहे."

घोडा थांबला. चिरंजीव दोन मिनिटं तसेच बसून राहिले. मग उठले, आईचा हात धरून तिला त्या मधल्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि कुठूनसं शोधून 'रामायण' लावलं. सीताहरणाचाच भाग. चित्र जुन्या चौकोनी मापाचं, त्यामुळे ३४४० ठिपक्यांच्या रुंदीत त्याने १९२० व्यापले आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले. मी मनातल्या मनात आकडेमोड केली. छत्तीस हजारांतले जवळजवळ सोळा हजार रुपये काळोखात गेले होते.

"दोन्हीकडे अंधार कशाला रे?" आईने विचारलं.

"चित्र लहान आहे, आजी. जागा उरलीय."

"मग बस की तू. आणि सूनबाई, तूही ये गं. गॅस बंद कर तो."

दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. तिघांपैकी बरोबर मध्यावर कोणीच राहिलं नाही. वड किती आहेत यावर वाद सुरू झाला आणि एवढ्यात पडदा झपकन काळा झाला. जुन्या केबलचं टोक ढिलं होतं. मी टेबलाच्या मागे भिंतीशी अंग चोरून घुसलो आणि ते दाबून धरलं. सोडलं की चित्र जाई, धरलं की येई.

"दिसतंय का?" मी मागून विचारलं.

"थोडं डावीकडे!" आई म्हणाली.