अब्बांची लुंगी

देहूरोडच्या डेपोतून अब्बा घरी आले की पँट खुंटीला आणि चौकड्याची लुंगी कमरेला. तशीच मगरिबला मशिदीत. कॉलेजात असताना मी एकदा म्हणालो, "अब्बा, जुम्म्याला तरी पायजमा घाला." ते हसले, "सतर झाकलंय ना? मग झालं."

स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या किल्टवर 1746 च्या कायद्याने बंदी आली. ती 1782 मध्ये उठली. आज किल्ट नेसणाऱ्यांतही दोन तऱ्हा आहेत. कुणाला कोट, कमरेची पिशवी, लांब मोजे सगळं रीतसर लागतं. कुणी साध्या टी-शर्टखाली नेसून बाजारात जातो. मला वाटतं, पोशाख जगवतो तो हा दुसराच.

अब्बा गेले. त्यांची लुंगी मी इस्त्री करून कपाटात जपली आहे. नेसून मशिदीत जायचं धाडस अजून होत नाही.