कोरडी नाकपुडी

गुरांच्या लम्पी रोगाच्या गाठी कोणालाही काढता येतात. गाय काढायची, अंगभर रुपयाएवढी वर्तुळं काढायची, खाली लाल रंगात ‘सावधान’. २०२२ च्या पावसाळ्यात जळगावकडून साथ सुरू झाली आणि बघता बघता आमच्या महाड-पोलादपूरकडेही अशी पत्रकं लागली. आमच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर खरूज-नायट्यासाठी लोक अंघोळीला येतात. त्या वर्षी ‘बैलाला आणून धुतला तर?’ असं विचारणारे भेटले. त्यांचं काय चुकलं? भिंतीवर कातडीचा रोग रंगवलेला, त्यांनी कातडीचा रोग वाचला.

गाठ दिसते तेव्हा ताप येऊन एक-दोन दिवस झालेले असतात. तोवर त्या गुरावर बसलेली माशी शेजारच्या गोठ्यात जाऊन आलेली असते. वेगळं बांधायचं ते तापाच्या दिवशी. आणि ताप काढता येत नाही.

माणसाचा येतो. घोंगडी, कपाळावर ओली पट्टी, तोंडात थर्मामीटर. गाईला थर्मामीटर कुठे लावतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते शाळेसमोरच्या भिंतीवर रंगवून बघा, पोरं आठवडाभर तिथून हलणार नाहीत. कान पाडलेली गाय काढली तर ती म्हातारी दिसते, नाहीतर नुसतीच गरीब. रवंथ थांबलाय, हे कसं दाखवणार? चित्रातली कुठलीच गाय रवंथ करत नसते. कानाला हात लावून बघा म्हणावं, तर चांगल्या गाईचं अंगही आपल्यापेक्षा गरम, १०१-१०२ फॅरनहाइट. आपल्या हाताला ती कायम तापलेलीच लागणार.

उरते नाकपुडी. म्हणजे नाकाच्या दोन भोकांमधली ती काळी, दाणेदार जागा. निरोगी जनावराच्या तिथे आतूनच पाझर असतो, पहाटे बॅटरी मारली तर बारीक थेंब चमकतात. ताप चढला, की ती जागा सुकते. गोठ्यात रोज वावरणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण कोरडी दिसली की त्याच दिवशी दावं सोडून लांब बांध आणि १९६२ या गुरांच्या डॉक्टरच्या नंबरला फोन कर, हे सांगावं लागतं. (आकड्यांची अडचण नाही. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्याही मुंबईच्या पोराचा नंबर आकडे बघून लावतात.)

तर दोन नाकपुड्या काढायच्या, एक ओली, एक कोरडी. एवढं सोपं काम माझा पिच्छा सोडत नाही. ओली दाखवायला थेंब काढले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत कागद दाखवला, तर एक काकी म्हणाल्या, “हिला शेंबूड आलाय न्हवं? अन् ही दुसरी चांगलीय.” बरोबर उलटं. नाक गळणं हे तर खरंच दुखण्याचं लक्षण. थेंब लहान केले, तर झेरॉक्समध्ये ते पांढरे ठिपके झाले, बुरशी आल्यासारखे. निळा रंग घातला, पण पंचायतीत रंगीत झेरॉक्स कोण काढतो? चकाकी म्हणून एक पांढरा फटकारा मारला, तर तो वेसणीचा वळ वाटला. आणि कोरडी नाकपुडी म्हणजे काय काढायचं? काहीच नाही. रोग दाखवायला जागा मोकळी सोडायची आणि धडधाकटपणा दाखवायला ठिपके भरायचे. बघणाऱ्याचा डोळा नेमका उलटा चालतो, जिथे काहीतरी काढलंय तिथे काहीतरी बिघडलंय असं धरतो. घटसर्प-फऱ्याच्या लशीचंही तेच. मे महिन्यात ठणठणीत बैलाला सुई टोचताना दाखवली, की विचारतात, याला झालंय काय?

हल्लीच्या फ्लेक्सवाल्यांना असले प्रश्न पडत नाहीत. काळी-पांढरी, घागरीएवढ्या कासेची परदेशी गाय, मागे गुळगुळीत हिरवळ, कोपऱ्यात दात विचकणारा जंतू आणि वर पाच साहेबांचे फोटो. आमच्याकडची गाय बुटकी, काटक, डोंगर चढणारी. कर्नालच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कपिला’ म्हणून तिच्या जातीची नोंद केली, पण फ्लेक्सवर तिला अजून जागा नाही. फ्लेक्सवरची गाय बघून माणूस म्हणतो, हा रोग त्यांच्याकडचा. मी बोर्ड पेंटर, माझा धंदाच फ्लेक्सने बसवला, तेव्हा माझं मत जपूनच ऐका. तरी सांगतो, जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारातले फ्लेक्स कुठे गेले पत्ता नाही, आणि एका भिंतीवरची माझी ऑइल पेंटची गाय चिखल धुतल्यावर जशीच्या तशी उभी. ती बघायला मी मुद्दाम दोनदा गेलो.

गाय हुबेहूब आली की बरं वाटतं, ते वाईट. लोक म्हणतात, “ही तर आमची कपिली!” मी फुगतो, आणि खाली काय लिहिलंय-काढलंय ते कोणीच बघत नाही. शिवाय मला मागे प्रतापगडाचा डोंगर काढायची खोड आहे. तापाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण तो छान येतो.

आता ब्रश थरथरतो. मोठं अंग निभतं, नाकपुडी निभत नाही. म्हणून हे काम भाचीकडे दिलं. ती टॅबवर काढते. तिने पहिल्या झटक्यात डोंगर पुसला, मग गाय पुसली. उरलं फक्त नाक, पानभर, आणि त्यावर टेकलेला बांगड्यांचा हात. शेजारी तोच हात उलटा करून, बोटं ओली. दुसऱ्या ओळीत तेच नाक, तोच हात, बोटं कोरडी, आणि सुटलेलं दावं. थेंब नाकावरून बोटांवर नेले, एवढंच. बोटावरच्या पाण्याला शेंबूड कोणी म्हणत नाही. निदान अजून तरी कोणी म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, “गाय कुठाय?”

“मामा, गाय त्यांच्या गोठ्यात आहे की.”

उत्तर आवडलं नाही, पण झेरॉक्स आवडली. हात मात्र तिचा शहरी होता, लांब नखांचा. शेण काढणाऱ्या हाताची बोटं तशी नसतात, पेरांवर चिरा असतात, अंगठा रुंद. ते मी बसून करून घेतलं. सुटलेल्या दाव्यावर अजून वाद आहे. मला वाटतं लोक म्हणतील, जनावर सुटून पळालं. तिला वाटतं, दुसरा खुंटा काढला की झालं. खुंटा काढला तर कागदात सहीला जागा उरत नाही, आणि सही मी सोडणार नाही.