साप यायच्या आधी

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मी पंचवीस मिनिटांचा केला होता. सिनेमा १९१९ सालचा, नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनीत झालेला. माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला ९४ वर्षं लागली. कापायला मला एक रात्र पुरली.

२०१३ साल होतं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता, त्याची शंभरी म्हणून जिकडेतिकडे फाळके चालू होते. पुण्याजवळच्या वाघोलीतल्या एका सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला गोकुळाष्टमीला ‘काहीतरी वेगळं’ हवं होतं. कृष्णाचा मूकपट आणि त्याला आपल्याच गावातल्या माणसाचं संगीत, ही कल्पना मीच त्यांच्या गळी उतरवली. वेळ मिळाला अर्धा तास, कारण पुढे हंडी आणि मग जेवण.

मी तेव्हा जिंगल, भक्तिगीतांच्या सीडी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक असली कामं करायचो. स्टुडिओ म्हणजे फ्लॅटमधली एक बेडरूम, भिंतींना फोम चिकटवलेली. रेकॉर्डिंग रात्रीच करायचं, कारण दिवसा माइक उघडला की नगर रोडवरचे खडीचे डंपर पहिला सूर लावायचे. यमुनेच्या पाण्याचा आवाज मी सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होताना घेतला होता. त्याचं मला फार कौतुक होतं. समितीच्या सेक्रेटरींनाही मी ते सांगून टाकलं. त्यांना फक्त टँकर कधी आला होता यात रस होता.

सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, सुरुवातच चुकलीय. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात. गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके नुसता तिचा चेहरा दाखवतात. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग ती कृष्ण होते आणि मग गोष्ट. ही ऑडिशन लोकांना कशाला दाखवायची, असं म्हणून मी ती उडवली. मग मधल्या पाट्या उडवल्या, त्या माझ्या तालाच्या आड येत होत्या. लोण्याच्या चोरीतल्या बऱ्याच खोड्या गेल्या. उरलेल्यावर मी संगीत चढवलं, आणि चढवलं म्हणजे वीतभरही जागा कोरडी ठेवली नाही.

माझा कान ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांवर पोसलेला. देव दिसला की शंख, संकट आलं की कडकडाट आणि कोरस. डोहाच्या प्रसंगाला सिंथेसायझरवर खर्जातली गुरगुर धरली, वर चार पोरांकडून आलाप गाऊन घेतले. त्यांचे पैसे खिशातून दिले, कारण मानधनात ते बसत नव्हते.

सुरुवातीला मी गावातल्या भजनी मंडळातल्या एका पखवाजवाल्या काकांना विचारलं होतं. समोर सिनेमा चालेल, तुम्ही वाजवा. त्यांनी आनंदाने होकार दिला होता. पुढे साउंड लायब्ररीत पखवाजाचे तयार तुकडे मिळाले, बोटाखाली हवे तेव्हा वाजणारे, तेव्हा त्यांना फोन करून सांगितलं, ‘काका, तुम्हाला उगाच त्रास नको.’ इतक्या सोज्वळ शब्दांत मी माणसाला वगळलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पोडियमवर पडदा लावला, गर्दी चांगली जमली. पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग डोह आला. माझी खर्जातली गुरगुर सुरू झाली, स्पीकर मोठे होते, खुर्च्या थरथरल्या, आलाप चढत गेले. कडेवरची पोरं आयांना बिलगली. लोक पुढे सरसावले आणि पडद्यावर साप आला. १९१९ सालचा, हाताने केलेला साप.

आधी एक हसला. मग सगळे. फाळके पाण्याखालची झुंज आणि काठावर जीव मुठीत धरून उभी असलेली माणसं आलटून-पालटून दाखवतात. आमच्याकडे ती माणसं तुरुतुरु पळत होती, त्यामुळे काठ आला की आणखी हशा. मागून कोणीतरी ‘ॲनाकोंडा’ म्हणून ओरडलं. सिनेमा संपायच्या आधीच हंडीवाल्यांनी दोर बांधायला घेतला.

काका आले होते. मी बोलावलं नव्हतं, तरी. दुसऱ्या रांगेत बसले होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘साप यायच्या आधी तूच घाबरलास रे.’

मी ते मनाला लावून घेतलं नाही. फाळक्यांच्या ट्रिक आता जुन्या झाल्या, लोकांना सीजीआयची सवय लागली, असं मी बरेच दिवस सांगत होतो. समितीला ते पटलं असावं, कारण त्यांनी पुढच्या वर्षी डीजे ठेवला. माझी त्यांच्याकडची कामं तिथे संपली. त्याचं फारसं वाटलं नाही. आलाप गाणाऱ्या पोरांतला एक मात्र प्रेक्षकांत आईला घेऊन बसला होता. आपल्याच आवाजावर लोक हसताहेत असं त्याला वाटलं. मी त्याला समजावलं नाही, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं.

डोकं ताळ्यावर आलं ते एका परदेशी सिनेमामुळे. रिडली स्कॉटचा ‘लेजंड’, १९८५ सालचा. युनिकॉर्न, जंगल, लाल कातडीचा शिंगवाला असुर, असा सगळा परीकथेचा मामला. त्याला जेरी गोल्डस्मिथने ऑर्केस्ट्रा आणि कोरस घेऊन संगीत दिलं होतं. युरोपात तो त्याच संगीतासह लागला. अमेरिकेसाठी मात्र सिनेमा छाटून ८९ मिनिटांचा केला आणि गोल्डस्मिथला काढून टँजरीन ड्रीम या जर्मन मंडळींचं इलेक्ट्रॉनिक संगीत लावलं. २००२ मध्ये स्कॉटची ११३ मिनिटांची आवृत्ती डीव्हीडीवर आली, त्यात गोल्डस्मिथ परतला. मी दोन्ही लागोपाठ पाहिल्या. गोल्डस्मिथच्या आवृत्तीत राजकन्या लिली गाते. गाणारी, जरा हट्टी मुलगी म्हणून ती आधी ओळखीची होते, मग तिच्या हातून घोळ होतो. अमेरिकन आवृत्तीत तिची गाणी जवळजवळ गेलीच आहेत, आणि लिली त्या झगमगाटातली एक सुंदर वस्तू होऊन बसते. टँजरीन ड्रीमचं संगीत वाईट नाही. रात्री गाडी चालवताना मी अजून ऐकतो. पण गाणाऱ्या मुलीला कापल्यावर त्या संगीताला धरायला माणूस उरत नाही.

तिथे मला माझी मंदाकिनी आठवली.

फाळक्यांनी पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकाशी करार केला होता: ही माझी मुलगी, ती आता कृष्ण होणार आहे, बघा. हे माहीत असलेला माणूस सापाच्या कापडाला हसत नाही, कारण खेळ आहे हे त्याने आधीच कबूल केलेलं असतं. मी तो करार फाडला आणि वर शंख-गुरगुर वाजवून भलताच करार केला. आता खरा साप येणार. माझा साप आलाच नाही, हसू फाळक्यांच्या सापाचं झालं.

मग वाचायला लागलो, जे आधी करायला हवं होतं. मूळ सिनेमा सुमारे ६,००० फुटांचा, त्यातला ४,४४१ फूट आज उरलाय. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी त्याचे विस्कळीत तुकडे फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधाराने क्रमाने लावले होते. म्हणजे एका माणसाने जे जुळवलं, ते मी हंडीच्या वेळेत बसावं म्हणून पुन्हा विस्कटलं. फाळके स्वतःही काही सोवळे नव्हते म्हणा. ‘हरिश्चंद्र’ त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला, आणि आज आपण बघतो ती रिळं त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. पण तो त्यांचा सिनेमा होता.

वेगाचं गणित तर कागदावर मांडल्यावर लाज वाटली. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण तेवढ्याच चौकटी. त्या वेगाने ४,४४१ फूट चालतात ७४ मिनिटं. बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चालवले तर ४९, आणि माणसं तुरुतुरु पळतात. माझ्याकडची प्रत ४९वाली. मूकपटात माणसं तशीच चालतात अशी माझी समजूत होती, आणि त्या पळापळीला साजेसा द्रुत ताल मी हौसेने लावला होता. दोन वेगांतला फरक २५ मिनिटांचा. नेमकी तेवढीच माझ्या सिनेमाची लांबी.

काही वर्षांनी, वाघोली महापालिकेत गेली त्या सुमारास, ओळखीच्या एका वाचनालयात पुन्हा दाखवला. अख्खा, वेग उतरवून. काकांना भेटायला गेलो तेव्हा मागच्या फोनबद्दल बोलायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी विषयच काढू दिला नाही. ‘कणीक आणायला सांग, डाव्या पुडीला लागते,’ एवढंच म्हणाले. हार्मोनियमला त्यांचाच एक पुतण्या आला.

मंदाकिनीचा चेहरा दिसला तेव्हा काकांनी काहीच वाजवलं नाही. खोड्यांना बोटांनी हलकं हलकं चालू ठेवलं. डोहात झुंज लागली की हात मांडीवर. काठावरची माणसं दिसली की डाव्या पुडीवर एक थाप, तीही प्रत्येक वेळी नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने दुसरीला विचारलं, ती पाण्यात श्वास कसा घेते? दुसरी म्हणाली, पाण्यात कुठंय ती, ती त्या फाळक्यांची मुलगी आहे. आणि दोघी पुन्हा खुर्चीच्या कडेवर येऊन बघायला लागल्या.

सगळंच जमलं असं नाही. लोण्याच्या चोरीत पुतण्याने बिनदिक्कत एका हिंदी गाण्याची चाल धरली आणि चांगली दोनेक मिनिटं वाजवली. त्याला थांबवायचं काम माझं होतं. मी सिनेमा बघत बसलो होतो.