घराला मानवणारा गारवा

विदर्भातल्या उन्हाचा खरा जोर रात्री कळतो. अकोल्यात वैशाखात पारा ४५ च्या पुढे गेला की दिवसभर तापलेला स्लॅब दिवेलागणीनंतर खोलीत आग ओतू लागतो. उशी गरम, नळाचं पाणी गरम. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर कोरड्या हवेत इमानेइतबारे राबतो. त्या ओल्या, मातकट वासात आमच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या. पण रोहिणी सरत आल्या आणि हवेत दमटपणा शिरला, की तोच कूलर अंगाला नुसता चिकचिकाट देतो. पाऊस येईपर्यंतची ती तगमग म्हातारपणी सोसवत नाही. म्हणून आईच्या खोलीत एसी लावायचं ठरलं. मग नातेवाइकांच्या प्रत्येक फोनवर एकच विषय : कंपनी कुठली?

मामांचं मत व्होल्टासला. टाटांचं नाव आहे, एवढं त्यांना पुरतं. टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी यांनी मिळून १९५४ मध्ये काढलेली ही कंपनी मामांच्या अख्ख्या नोकरीभर कचेरीच्या भिंतीवर होती. पुण्याचा भाऊ डायकिनवर ठाम. १९२४ पासूनची ओसाकाची कंपनी, याच धंद्यात मुरलेली. मेहुण्यांना ब्लू स्टारच हवा, मोहन अडवाणींनी १९४३ मध्ये सुरू केलेला. माणूस असं एखादं नाव सुचवतो तेव्हा आपला भरवसाच आपल्या हाती देत असतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण स्लॅबखालची ती पश्चिमेची खोली यांतल्या एकाही कंपनीने पाहिलेली नाही.

दुकानात पहिला प्रश्न येतो टनाचा. एक टन बर्फ वितळताना चोवीस तासांत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक टनाच्या यंत्राची ताकद. हा टन अमेरिकेचा, ९०७ किलोंचा. गारवा बर्फाच्या रूपानेच विकत मिळायचा, त्या काळाची खूण या मापात राहून गेली आहे. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेलं बर्फाचं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं होतं. दीड टनाचा एसी म्हणजे आईच्या खोलीत रोज सुमारे १३६० किलोंच्या लाद्या रचण्यासारखं. एवढ्याशा खोलीला एवढा बर्फ लागतो, हे कळल्यावर त्या स्लॅबची ताकद खऱ्या अर्थाने उमगते.

पण ही ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. लेबलावरच्या ताऱ्यांचा हिशेबही वर्षाचे १६०० तास धरून केलेला, आणि त्यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश. आमचा मे महिना त्या कोष्टकाच्या पलीकडे सुरू होतो. बाहेर जितकं तापलेलं, तितकं खोलीतली उष्णता तिथे नेऊन टाकणं यंत्राला जड. वीज जास्त जाते आणि गारवा कमी येतो. म्हणून विदर्भातल्या गिऱ्हाइकाने तारे पाहून थांबू नये. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर यंत्र बाहेरच्या किती अंशांपर्यंत चालतं आणि तेव्हा त्याची क्षमता किती उरते, ते वाचावं. विक्रेता ते पान आपणहून उलटत नाही. आपण उलटावं, आणि तारे कुठल्या वर्षाचे तेही पाहावं. कोष्टक मधूनमधून कडक होतं आणि जुने पाच तारे नव्या हिशेबात पाच राहत नाहीत.

माझा निर्णय मात्र झाला तो मेकॅनिकमुळे. मी नावं वाचू लागताच तो म्हणाला, ‘‘भाऊ, कंपनीचं मंग बोलू. आधी भिंत पाहू द्या.’’ त्याने भिंत पाहिली, अर्थिंग तपासलं, गच्चीवर जाऊन आला. कुठल्या कंपनीचा पीसीबी अकोल्यातच मिळतो आणि कुठल्याची नागपूरहून वाट पाहावी लागते, हे त्याला तोंडपाठ होतं. भर नवतप्यात बंद पडलेल्या यंत्राला या माहितीचाच आधार असतो. मी तिच्यावरूनच नाव नक्की केलं.

पुढे त्याचं काम मी जवळ उभा राहून पाहिलं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, म्हणजे पाणी खोलीत फिरणार नाही. तांब्याची नळी कापल्यावर तिचं तोंड खाली धरून त्याने कडा साफ केली, एक कणही आत पडू नये म्हणून. मग टोक फुलवलं, तेलाचं बोट फिरवलं आणि नट दोन पान्यांनी आवळला. व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेतली, पंप बंद केला आणि काटा जागचा हलत नाही ना, हे बघत बसून राहिला. घाईतली माणसं नेमकी हीच पायरी गाळतात, आणि मग दोष कंपनीच्या नावावर जातो. गॅस सोडल्यावर त्याने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही.

बाहेरचं युनिट कुठे टांगायचं, यावर बराच वेळ गेला. सोयीची जागा होती शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. आईच्या खोलीतून ओढलेली आग दिवसरात्र त्यांच्या चुलीवर फेकायची, हे मला मान्य नव्हतं. शेवटी ते उत्तरेच्या भिंतीला, सावलीत गेलं. नळी वाढवावी लागली. वरच्या फुटांचे पैसे वेगळे पडले.