पंडितेची पाटी

'शिष्य' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. गुरूच्या पाया पडले की झाले शिष्य! पण शिष्यत्व म्हणजे जन्मभर शिकत राहणे, हे मला पटले ते पंडिता रमाबाईंमुळे.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि अनेक चाहते दुरावले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात विधवा-अनाथांचा मोठा संसार सांभाळता सांभाळता या पंडितेने पुन्हा पाटी हाती घेतली. ती हिब्रू आणि ग्रीकसाठी! कशाकरिता? तर बायबल मराठीत आणायचे, आणि तेही अगदी थोडे शिकलेल्या बाईला उमजेल अशा भाषेत. मुक्तीतल्या बायांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ साली बाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

विद्या माणसाला उंच नेते. तिला खाली उतरायला प्रेमच शिकवते. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईने चुलीपुढच्या बाईची भाषा धुंडाळावी, यात मला भक्ती दिसते. धर्म आपला कोणताही असो. शेजारणीला कळेल असे बोलण्यासाठी आपण किती शिकतो?