सात रस्त्याहून बुद्धगया किती लांब?
सोलापुरात सात रस्त्याला आता विमानाच्या गप्पा रंगतात. २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरून गोवा, मुंबईची विमाने सुरू झाली ना! पण आपल्या उपासक-उपासिकांना ओढ बुद्धगयेची. सोलापूर ते गया हवाई अंतर सुमारे सव्वाबाराशे किलोमीटर. बँकॉक ते गया दोन हजारांच्या पुढे. तरी थायलंडचा यात्रेकरू हिवाळ्यात थेट विमानाने तीन तासांत उतरतो. आपली आजी मात्र डबा-वळकटी घेऊन, गाडी बदलत, दीड दिवसाने पोहोचते. मुंबईमार्गे उडावे तर चौघांच्या तिकिटात महिन्याचा पगार संपतो. १९४९ च्या कायद्याने महाविहाराच्या समितीत निम्म्याच जागा बौद्धांना दिल्या. त्याविरुद्ध २०२५ मध्ये भिक्खूंनी उपोषण मांडले, तेव्हाही कष्टकऱ्यांना रेल्वेचाच आधार. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. कानटोपी विसरू नका. तिकडची जानेवारी सोलापूरकराला झेपत नाही.